श्वासाच्या रुग्णासाठी एकत्र बसायला हवे

आपल्या तालुक्यात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर दररोज निदान एकदा तरी पडणारी तक्रार कोणती, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच येईल : ‘श्वास पुरत नाही.’ कोणी म्हणतो दम लागतो, कोणी म्हणतो छाती भरून येते, कोणी कोकणीतून ‘उस्वास घेवपाक त्रास जाता’ असे सांगतो. शब्द निराळे असले तरी सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती सारखीच असते. ताप माणूस दोन दिवस अंगावर काढतो, गुडघेदुखी वर्षानुवर्षे सोसतो. श्वास अडला की मात्र त्याला त्याच क्षणी मृत्यूची आठवण होते.

या तक्रारीचे मूळ फुप्फुसात असू शकते, तसेच ते हृदयात, रक्तात, नाकात, स्वरयंत्रात, जठरात, झोपेत किंवा मनातही असू शकते. अनेकदा ते यांपैकी दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी असते. रुग्ण मात्र एका वेळी एकाच अवयवाच्या डॉक्टरकडे जातो आणि प्रत्येकाकडून आपापल्या अवयवापुरते उत्तर घेऊन घरी परततो. ही सारी उत्तरे एकत्र ठेवून पाहणारे कोणी नसते. श्वासाच्या रुग्णाची तपासणी आणि उपचार अनेक शाखांनी एकत्र बसून करावेत, आणि ते बांबोळीपुरते मर्यादित न राहता आपल्या साखळीतही व्हावेत, असे माझे मत आहे. ते सविस्तर मांडण्यासाठी या स्मरणिकेहून योग्य जागा नाही, कारण ज्यांनी एकत्र बसायचे ते सारे हिचे वाचक आहेत.

धूळ : एक सोपे उत्तर

पाळी, वेळगे, सुर्ला, कुडणे, आमोणे, शिरगाव, पलीकडे सत्तरीत पिसुर्ले आणि होंडा. या गावांच्या रस्त्यांवरून खनिजवाहू ट्रकांच्या रांगा जात तेव्हा घरांची छपरे, माडांची झावळे आणि वाळत घातलेले कपडे एकाच तांबड्या रंगाचे होत. २०१०-११ या वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झाले. त्या काळात आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक खोकल्याला आणि प्रत्येक धापेला रुग्णाकडे उत्तर तयार असे : ‘धुळीन जाता.’ बहुतेक वेळा आम्हा डॉक्टरांनाही ते पटत असे. यात खोटे काही नव्हते. धुळीने दमा उफाळतो, श्वासनलिका सुजतात, आणि धुळीत सिलिकाचे सूक्ष्म कण असतील तर वर्षानुवर्षांच्या संपर्काने फुप्फुसात कायमचे व्रण पडतात.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला. रस्ते रिकामे झाले, धूळ बसली. धूळ हेच एकमेव कारण असते तर त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत आमच्या दवाखान्यांतील श्वासाच्या तक्रारी पार ओसरायला हव्या होत्या. माझा अनुभव वेगळा आहे. खोकल्याचे रुग्ण कमी झाले, हे खरे. पण ‘श्वास पुरत नाही’ म्हणणारे कमी झाले नाहीत, किंबहुना त्यांत नव्या चेहऱ्यांची भर पडली. ट्रक दारात उभा, बँकेचा हप्ता थकलेला, मुलांची शाळा चालू, अशा स्थितीतील चाळिशीची माणसे मध्यरात्री उठून बसत, खिडकी उघडत आणि खोल श्वास घेण्याची धडपड करीत. २०१४ च्या निकालानंतर खाणी मर्यादित प्रमाणात सुरू झाल्या. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने मार्चमध्ये त्या पुन्हा थांबल्या आणि हेच चित्र दुसऱ्यांदा दिसले.

अशाच एका ट्रकमालकाच्या हातात मी दोन प्रकारचे इनहेलर आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांची पट्टी पाहिली होती. क्ष-किरण चित्र स्वच्छ होते, ऑक्सिजनचे प्रमाण ९९ टक्के होते, स्पायरोमेट्री अगदी व्यवस्थित होती. तपासणीच्या दहा मिनिटांत त्याने अनेक मोठे उसासे टाकले, त्याचे खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते आणि पोट जवळजवळ हलत नव्हते. त्याला दमा नव्हता. त्याच्या श्वासाची घडीच विस्कटली होती.

‘टेन्शन’ : दुसरे सोपे उत्तर

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की खाणी बंद पडल्यावरची धाप ही सारी मनाची. तो निष्कर्ष पहिल्याइतकाच धोकादायक आहे. त्याच काळात अडतिशीतील एक गृहिणी माझ्या पाहण्यात आली. घरधन्याचे काम सुटलेले, चुलीवरचा स्वयंपाक, दोन लहान मुले. जिना चढताना आणि रात्री आडवे पडल्यावर तिला धाप लागे. ‘टेन्शन’ हा शिक्का तिच्यावर एव्हाना बसलेला होता आणि झोपेच्या गोळ्याही चालू होत्या. श्वसनाचे व्यायाम शिकवण्यासाठी तिला एका फिजिओथेरपिस्ट भगिनीकडे पाठवले गेले. नाडी मोजताना त्या भगिनीला ती अनियमित लागली आणि तिने लगेच फोन केला. इको तपासणीत हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेली आढळली. बालपणीच्या संधिवाताच्या तापाने मागे ठेवलेला तो जुना घाव होता. पुढे योग्य ठिकाणी तिच्यावर उपचार झाले.

त्या एका फोनने एक आयुष्य सावरले. परंतु तो फोन झाला तो निव्वळ योगायोगाने. त्या भगिनीचा स्वभाव काळजीचा होता म्हणून, आणि तिच्याजवळ दूरध्वनी क्रमांक होता म्हणून. जे योगायोगाने घडते ते पद्धतीने घडावे, एवढेच या लेखाचे मागणे आहे.

घडी विस्कटते म्हणजे काय होते?

वैद्यकेतर वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण अगत्याचे आहे. विश्रांतीच्या वेळी निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो आणि त्यातील बरेचसे काम छाती व पोट यांच्यामधला पडदा करतो. भीती, वेदना, दीर्घ आजार किंवा नुसती सवय यांमुळे माणूस छातीच्या वरच्या भागाने, भरभर आणि गरजेपेक्षा अधिक श्वास घेऊ लागतो. त्यामुळे रक्तातील कर्बवायू प्रमाणाबाहेर उत्सर्जित होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते; रक्तातील क्षारांचा तोल ढळून ओठांना व बोटांना मुंग्या येतात; छाती आवळल्यासारखी वाटते. ऑक्सिजन पुरेसा असूनही माणसाला तो कमी पडतो आहे असे वाटते, म्हणून तो आणखी जोराने श्वास घेतो आणि चक्र पुढे चालू राहते. २०२० आणि २०२१ च्या कोरोनाकाळात घराघरांत ऑक्सिमीटर आले. त्यावर ९८ आकडा पाहूनही धाप न थांबणारे रुग्ण आपण सर्वांनी त्यानंतर पाहिले आहेत.

या विकारासाठी नेदरलँड्समध्ये तयार झालेली नायमेगन प्रश्नावली १९८५ पासून उपलब्ध आहे. सोळा लक्षणे, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. बेरीज २३ च्या वर गेली की संशय घ्यावा. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दम्याचे उपचार घेणाऱ्या प्रौढांपैकी २९ टक्क्यांचे गुण या मर्यादेपलीकडे आढळले. येथे नीट लक्षात घ्यायचे ते असे की या लोकांना दमा नव्हताच असे ती पाहणी म्हणत नाही. दमा आणि विस्कटलेला श्वास एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. दुसरीकडे २०१७ साली कॅनडातील संशोधकांनी डॉक्टरांनी दम्याचे निदान केलेल्या सहाशेहून अधिक प्रौढांना पुन्हा तपासले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांत त्या वेळी दमा आढळला नाही, आणि काही थोड्यांत हृदय-फुप्फुसांचा गंभीर विकार दम्याच्या नावाखाली दडलेला निघाला. साधनसंपन्न देशांत ही गत आहे. मग स्पायरोमेट्रीशिवाय इनहेलर सुरू होतात तेथे ती काय असेल, याची कल्पना आपण करावी.

प्रत्येकाच्या वाट्याचे काम

कुटुंबाच्या डॉक्टरने रुग्णाची संपूर्ण हकीगत घ्यावी. घरात चूल आहे का, शेजारी काजूची भट्टी लागते का, पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते का, रुग्ण पदेराच्या भट्टीवर पिठात काम करतो की ट्रकवर, हे प्रश्न ज्याला सुचतात तो आपल्याच मातीतला डॉक्टर असतो. हिमोग्लोबिन पाहणे हे तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विसरले जाणारे काम आहे.

छातीच्या तज्ज्ञाने स्पायरोमेट्रीचा अर्थ लावावा. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी राहत असेल, तर तो दीर्घकालीन अडथळा आहे. धूम्रपान न करणाऱ्या, चुलीपाशी जन्म घालवलेल्या स्त्रियांतही तो आढळतो. सिलिकोसिसचे चित्र क्षयासारखे दिसते आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याची शक्यताही अधिक असते, म्हणून क्षयाचे औषध वारंवार घेतलेल्या खाणकामगाराकडे विशेष नजरेने पाहायला हवे.

कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दोन महत्त्वाच्या गोष्टी आहेत. काही रुग्णांत श्वास घेताना स्वरतंतू उघडण्याऐवजी मिटतात आणि घशातून आवाज येतो. हा आवाज श्वास आत घेताना येतो, तर दम्याची घरघर प्रामुख्याने श्वास सोडताना ऐकू येते. एवढा भेद कळला तरी अनेकांची स्टिरॉइडे वाचतील. दुसरी गोष्ट मुलांची. वाढलेल्या ॲडिनॉइड्समुळे तोंडाने श्वास घेणारे मूल वर्गात पेंगते आणि ‘मठ्ठ’ ठरते. त्याचा अरुंद टाळू आणि पुढे आलेले दात पुष्कळदा प्रथम दंतवैद्याला दिसतात. दंतवैद्याने तेवढ्यावर न थांबता ‘हा रात्री घोरतो का?’ असे आईला विचारले, तर त्या मुलाचे शिक्षण मार्गी लागू शकेल.

घोरणे हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार झोपेत श्वास अडण्याचा विकार १९.५ टक्के पुरुषांत, तर त्याबरोबर दिवसा झोप अनावर होणे ७.५ टक्के पुरुषांत असल्याचा अंदाज निघाला. जाड मानेचा, औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबाचा, सिग्नलपाशी डुलकी घेणारा अवजड वाहनाचा चालक हा केवळ स्वतःचा रुग्ण नसतो. समोरून येणाऱ्या प्रत्येकाचा जीव त्याच्या झोपेवर अवलंबून असतो. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी दाखवून दिलेला सीपॅपचा उपचार आज आपल्याकडेही मिळतो, आणि सौम्य विकारात खालचा जबडा पुढे धरणारे दंतवैद्याचे उपकरणही उपयोगी पडते.

फिजिओथेरपिस्टचे काम श्वास पुन्हा शिकवण्याचे. ब्रिटनमध्ये दम्याच्या ६५५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वसनाचे प्रशिक्षण घेतलेल्यांचे जीवनमान सुधारले. फुप्फुसांच्या मोजमापात फरक पडला नाही, म्हणजे औषधे चालूच ठेवायची होती. विशेष असे की घरी पाहण्याची डीव्हीडी आणि प्रत्यक्ष शिकवणी यांचा परिणाम सारखाच दिसला. मराठी-कोकणीतून अशी एक चित्रफीत आपण सहज तयार करू शकतो. समुपदेशकाचे काम भीतीचे नाव शोधण्याचे. हप्ता थकल्याची भीती गोळीने जात नाही, पण ती बोलून दाखवता आली तर श्वास मोकळा व्हायला मदत होते.

आपल्या संघटनेत आयुर्वेदाचे वैद्यही आहेत, आणि त्यांना या पंक्तीत मानाचे पान आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात श्वासाचे महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र असे पाच भेद सांगितले आहेत. कारणांमध्ये धूळ व धूर येतात आणि उगम पित्तस्थानात सांगितला आहे. जठरातील आम्ल वर येऊन खोकला व धाप वाढते, हे आज आपण निराळ्या भाषेत सांगतो. योगाच्या बाबतीत लोणावळ्याच्या कैवल्यधामाचा आदर्श समोर ठेवावा. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी ती संस्था स्थापन केली आणि यौगिक क्रिया प्रयोगशाळेत नेऊन मोजल्या. प्राणायामाने ऑक्सिजनचा मोठा साठा शरीरात जातो, ही लोकप्रिय समजूत त्यांनी मोजमापाच्या आधारे बाजूला सारली. मोजून पाहण्याची ही वृत्ती आपल्यालाही हवी. कर्बवायू आधीच गमावून बसलेल्या रुग्णाने दूरचित्रवाणीवर पाहून वेगवान कपालभाती व भस्त्रिका करणे हे आगीत तेल आहे; त्याला मंद, नाकाने, लांब उच्छ्वासाचे श्वसन हवे.

साखळीत हे कसे जमेल?

माझी सूचना साधी आहे. महिन्यातून एका दुपारी दोन-तीन तास आपण साखळीत एकत्र बसावे. त्या दिवशी आठ-दहाच रुग्ण घ्यावेत. ज्यांचे निदान लागत नाही, ज्यांच्या औषधांची संख्या वाढत आहे, किंवा जे चौथ्या दवाखान्याची पायरी चढले आहेत, असे. प्रत्येकाजवळ एकच पत्रक असावे, त्याला आपण ‘श्वासपत्र’ म्हणू. त्यावर व्यवसाय, घरातील धूर, स्पायरोमेट्री, नायमेगनचे गुण, घोरण्याची माहिती, हिमोग्लोबिन, नाडी, इको आणि चालू औषधे एका पानावर याव्यात. पत्रक रुग्णाने स्वतःजवळ ठेवावे. स्पायरोमीटर संघटनेने सामाईक घ्यावा आणि तो नीट वापरण्यासाठी एका परिचारिकेला प्रशिक्षण द्यावे. फुंकणे चुकीचे झाले तर यंत्र कितीही चांगले असो, आकडा खोटाच येतो. सर्वांचे बोलणे झाल्यावर उपचाराचा धागा पुन्हा एकाच हाती, कुटुंबाच्या डॉक्टरच्या हाती, सोपवावा. पुढच्या तपासणीसाठी गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचा रुग्ण हे पत्रक घेऊन गेला, तर तेथील आधीच गजबजलेल्या विभागाचाही वेळ वाचेल.

यावर आक्षेप येतील, त्यांची मला जाणीव आहे. माझा रुग्ण दुसऱ्याकडे गेला तर परत येईल का, ही शंका कोणी उघड बोलत नाही, पण ती असते. शेवटचा शब्द कुटुंबाच्या डॉक्टरचाच, हा नियम त्यासाठीच सुचवला आहे. वेगवेगळ्या पॅथींचे लोक एका टेबलाशी कसे बसतील, असेही विचारले जाईल. त्यासाठी एवढे पथ्य पुरे : मोजता येते ते आधी मोजावे, आणि चालू असलेले जीवरक्षक औषध कोणीही परस्पर बंद करू नये. सर्वांत रास्त आक्षेप खर्चाचा आहे. पण चार दवाखाने, तीन क्ष-किरण चित्रे, दोन नको असलेले इनहेलर आणि बुडालेली रोजंदारी यांचा हिशोब मांडला, तर एकत्र तपासणीच स्वस्त ठरेल.

आजच का?

डिसेंबर २०२२ मध्ये खनिज ब्लॉकांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोली ब्लॉकमध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाले. ट्रक परतले आहेत. रोजगार परतला याचा आनंद मानायलाच हवा. या मातीतील घराघराने त्याची वाट पाहिली. खाणीच्या हजेरीपटावरील कामगारासाठी १९५२ च्या खाण कायद्यापासून ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणीची तरतूद होत आली आहे. पण स्वतःचा ट्रक चालवणारा, त्याचा क्लीनर, रस्त्याकडेला भाजी विकणारी बाई आणि त्याच रस्त्यावरच्या शाळेतील मूल, यांची नावे त्या हजेरीपटावर नसतात. त्यांच्या श्वासाची आजची नोंद आज झाली नाही, तर दहा वर्षांनी कोणी धाप घेऊन येईल तेव्हा ती धुळीची, धुराची, विडीची की चिंतेची, हे सिद्ध करायला कोणाहीजवळ आधार नसेल. तेव्हा कंपनी म्हणेल धूळ नव्हती, रुग्ण म्हणेल धूळच होती, आणि आपण डॉक्टर मधल्या मध्ये अंदाज सांगत राहू. आजची स्पायरोमेट्री ही त्या दिवसाची साक्ष आहे.

वाळवंटीच्या काठी वसलेल्या या गावात ॲलोपॅथी, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट एकमेकांना नावानिशी ओळखतात, एकमेकांच्या घरच्या चतुर्थीला जातात. मोठ्या शहरातील रुग्णालयांना जे सहकार्य नियमांनी घडवावे लागते, त्याचा पाया येथे आधीच घातलेला आहे. संघटनेच्या पुढील सर्वसाधारण सभेत या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवावा, पहिल्या बैठकीचा दिवस त्याच सभेत ठरवावा आणि पहिली सहा श्वासपत्रे वर्ष संपण्यापूर्वी भरली जावीत, अशी माझी सर्व सभासदांना नम्र विनंती आहे. पहिल्या बैठकीसाठी खोली आणि चहा यांची व्यवस्था मी करतो.